इशिगुरो तेच तेच लिहितो का? हो. आणि नेमकं तेच वाचण्यासारखं आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘द रिमेन्स ऑफ द डे’ खूप आवडली म्हणून उत्साहात ‘द अनकन्सोल्ड’ आणली, ती दीडशे पानांवर ठेवून दिली, तर आता काझुओ इशिगुरो या ब्रिटिश कादंबरीकाराचं पुढे काय वाचू, आणि मित्र म्हणतो हा माणूस तेच तेच लिहितो ते खरंय का. प्रश्नाला एक शेपूटही आहे. विचारणारे स्वतः कादंबरी लिहितायत, आणि वाचायला दिली की सगळे म्हणतात, छान आहे पण यात काही घडतच नाही.

मी बरीच वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचायचं आणि त्यांचं संपादन करायचं काम करतो, त्यामुळे उत्तर थोडं कामाच्या अंगाने जाईल. आणि सगळ्या पुस्तकांचे शेवट फुटणार आहेत. इशिगुरोमध्ये त्याने फारसं बिघडत नाही, पण ज्यांना चालत नाही त्यांनी इथेच थांबा.

मित्र बरोबर बोलतोय. स्वतः इशिगुरोनेच मुलाखतींमधून कबूल केलंय की पहिल्या तीन कादंबऱ्या म्हणजे एकच कादंबरी तीनदा लिहायचा प्रयत्न होता. फरक एवढाच की लोक हे तक्रार म्हणून सांगतात आणि मी याला त्याच्या करिअरमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मानतो. एक माणूस मागे वळून आपल्या आयुष्याचा हिशेब सांगतोय, सांगताना स्वतःलाच फसवतोय, आणि ते फसवणं आपल्याला दिसतंय पण त्याला दिसत नाही किंवा बघायचं नाहीये. हा त्याचा एकमेव विषय. ठिकाण, काळ, पात्रं बदलत गेली. जपान, इंग्लंडमधली हवेली, क्लोन मुलांची शाळा, यंत्रमानव, हे सगळे कपडे आहेत, आतला माणूस तोच.

आता हे कुठून आलं ते बघू. जन्म 8 नोव्हेंबर 1954, नागासाकी. वडील समुद्रशास्त्रज्ञ, त्यांना इंग्लंडमधल्या सरकारी संस्थेने संशोधनासाठी बोलावलं म्हणून 1960 मध्ये सगळं कुटुंब लंडनजवळच्या गिल्डफर्डला आलं, काझुओ तेव्हा पाच वर्षांचा. परत जायचंच होतं, वर्षा-दोन वर्षांचाच प्रश्न. ते परत जाणं पुढे पुढे ढकललं जात शेवटी राहूनच गेलं, पण मुलाला घरात जपानी म्हणूनच वाढवत होते आणि आजोबा दर महिन्याला तिकडून मासिकं, कॉमिक्सचं पार्सल पाठवायचे. म्हणजे या पोराच्या डोक्यात एक अख्खा देश तयार होत होता जिथे तो राहतच नव्हता. पुढे त्याने नोबेलच्या भाषणात सांगितलं की हा डोक्यातला जपान पुसट होत चाललाय असं विशीत लक्षात आलं आणि तो कागदावर जपून ठेवायची धडपड म्हणजे त्याचं सुरुवातीचं लेखन. प्रत्यक्ष जपानला तो परत गेला 1989 मध्ये. तोपर्यंत जपानवरच्या दोन्ही कादंबऱ्या छापून, बक्षिसं घेऊन झाल्या होत्या!

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे कादंबरी म्हटलं की पहिला प्रश्न येतो ‘तुमचा अनुभव आहे का या जगाचा?’ हस्तलिखितासोबत येणाऱ्या पत्रांमध्येही लेखक आधी हेच पटवत बसतात, की मी या खेड्यात वाढलो, मी त्या कारखान्यात होतो, हे सगळं खरं घडलेलं आहे. ठीक आहे, पण त्याने कादंबरी उभी राहत नाही ना. इशिगुरोने न पाहिलेल्या जपानवर लिहिलं, नंतर ज्या बटलर लोकांशी (इंग्रजी हवेल्यांमधले मुख्य नोकर) त्याचा काही संबंध नव्हता त्यांच्यावर लिहिलं. बटलरबद्दल अभ्यास करायला गेला तर नोकरांनी स्वतः लिहिलेलं फारच थोडं सापडलं, मग बरंचसं त्याने रचलं. अनुभव त्याचा होता तो वेगळा, आठवण कशी हातातून निसटते आणि माणूस ती कशी सोयीने दुरुस्त करतो याचा.

लेखक व्हायचंच असंही काही ठरलेलं नव्हतं बरं का. त्याला गाणी लिहायची होती. शाळा संपल्यावर अमेरिकेत भटकला, डेमो टेप पाठवत बसला, कोणी घेतल्या नाहीत. मध्ये स्कॉटलंडला बाल्मोरल इथे राजमातेच्या शिकारीसाठी पक्षी उठवायचं हाकाऱ्याचं काम केलं, केंट विद्यापीठातून 1978 ला इंग्रजी आणि तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी केली (तिथेच लॉर्ना भेटली, पुढे बायको, तिचं काम पुढे येईल). आणि मग ईस्ट अँग्लिया विद्यापीठातला लेखनाचा एम.ए. कोर्स, जिथे माल्कम ब्रॅडबरी आणि अँजेला कार्टर हे कादंबरीकार शिकवायचे. 1979-80 चा हिवाळा, नॉरफॉकमधलं एक लहान गाव, छोटीशी खोली. तिथे त्याने अचानक नागासाकीवर लिहायला घेतलं.

त्यातून 1982 ला आली ‘अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स’. एत्सुको नावाची जपानी बाई इंग्लंडमध्ये राहते, तिच्या मोठ्या मुलीने केइकोने गळफास घेतलाय. धाकटी काही दिवस भेटायला आलीय. एत्सुको मोठ्या मुलीबद्दल बोलायचं सोडून नागासाकीतल्या एका जुन्या मैत्रिणीची आणि त्या मैत्रिणीच्या विचित्र, एकलकोंड्या मुलीची गोष्ट सांगत राहते. पुस्तक संपत आलं की ती एक वाक्य बोलून जाते, सहलीच्या त्या दिवशी केइको खूश होती. अरे, पण त्या सहलीला तर मैत्रिणीची मुलगी होती! तिथे वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. मैत्रीण खरी होती का, की आपला अपराध दुसरीच्या नावावर सांगणं सोपं जातं म्हणून हे सगळं चाललंय? पुस्तक उत्तर देत नाही. पहिलंच पुस्तक आहे आणि ते जाणवतं, धुकं जरा जास्तच आहे, काही प्रसंग नाटकातल्यासारखे एका खोलीत दोन माणसं बोलतायत असे आहेत. हा दोष नंतर त्याचा त्यालाही दिसला.

कसा दिसला तेही मजेशीर आहे. टीव्हीसाठी पटकथा लिहिताना त्याला वाटलं की माझी कादंबरी तर पटकथेसारखीच दिसतेय, नुसते संवाद आणि सूचना, मग लोकांनी कादंबरी वाचायचीच कशाला. 1983 मध्ये तापाने अंथरुणाला खिळला असताना त्याने फ्रेंच लेखक प्रूस्तच्या मोठ्या कादंबरीची सुरुवातीची पानं वाचली आणि त्यातनं पकडलं ते हे, की प्रसंग घडले त्या क्रमाने लावायची गरज नाही, एका आठवणीवरून दुसरीवर जाता येतं, आणि तो माणूस कुठल्या आठवणीवरून कुठे उडी मारतो यातच तो सगळा कळतो. तुमच्या ‘काही घडत नाही’ या दुखण्याचा इलाज खरं तर इथेच आहे, पण त्याकडे शेवटी येतो.

तर ‘अ‍ॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड’, 1986. माझ्या मते मराठी वाचकाने इशिगुरो इथून सुरू करावा. का ते सांगतो. युद्धानंतरचा जपान, 1948 ते 50. मासुजी ओनो हा म्हातारा चित्रकार, ज्याने युद्धाच्या काळात साम्राज्याच्या प्रचाराची चित्रं काढली, आणि आता त्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. आदल्या वर्षी एक स्थळ काही कारण न देता मागे फिरलंय. आता दुसऱ्या स्थळाकडून चौकशा होणार, मध्यस्थ, जुने ओळखीचे, कोण काय सांगेल कोणास ठाऊक. ओनो एकेका जुन्या माणसाकडे जाऊन येतो, वर वर गप्पा मारायला, आतून हे बघायला की चौकशीला आलं कोणी तर हा काय बोलेल. या सगळ्या वातावरणाची तळटीप आपल्याला लागत नाही, ‘मुलीकडच्यांनी जरा जपून राहावं’ हे आपल्या हाडात आहे. इंग्रज समीक्षकांना जे परदेशी आणि नाजूक वगैरे वाटलं ते आपल्याकडे कुठल्याही दिवाणखान्यात घडतं.

आणि मग इशिगुरो काय करतो बघा. मुला-मुलीकडची मंडळी पहिल्यांदा एकत्र जेवायला बसलेली असताना ओनो मोठ्या धैर्याने कबुली देतो, की माझं चुकलं, माझ्यासारख्यांमुळे देशाचं नुकसान झालं. आपल्याला वाटतं हाच कळस. तर पुढे मोठी मुलगी सहज म्हणते, बाबा, तुम्ही तेव्हा काय बोलत होतात ते कोणालाच कळलं नाही, तुम्ही तर नुसते चित्रकार होतात. म्हणजे गुन्ह्याची कबुली हा सुद्धा अहंकारच निघाला! आपण फार मोठे होतो, म्हणून आपला अपराधही मोठा, हे म्हाताऱ्याला हवंय. आणि त्याच वेळी पुस्तकात एक खराखुरा गुन्हा कोपऱ्यात पडलेला आहे, त्याने आपल्याच शिष्याचं नाव अधिकाऱ्यांना दिलं होतं आणि त्या पोराची चित्रं जाळली गेली, त्याबद्दल मात्र ओनो चार ओळीत बोलून पुढे सरकतो. मोठमोठ्याने कबुली कशाची आणि कुजबुजत काय, हा फरक मला कुठल्याही राजकीय कादंबरीपेक्षा जास्त शिकवून गेला. या पुस्तकाला ब्रिटनमधला व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला.

तिसरी ‘रिमेन्स’, 1989, बुकर, वय 34. तुम्ही वाचलीये म्हणून गोष्ट सांगत नाही. पण ती कशी लिहिली गेली ते ऐका. 1987 च्या उन्हाळ्यात, लेखक म्हणून नाव झाल्यामुळे आमंत्रणं, जेवणं, प्रवास यातच वेळ जातोय म्हणून त्याने आणि लॉर्नाने ठरवलं, चार आठवडे सगळं बंद. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत फक्त लेखन, जेवायला तासभर, रात्रीच्या जेवणाला दोन, फोन नाही, टपाल नाही, घरी कोणी यायचं नाही. भाषा कशी होतेय, आदल्या प्रकरणाशी जुळतंय का, काही बघायचं नाही, नुसतं पुढे जायचं. चार आठवड्यांनी कादंबरीचा सांगाडा उभा होता. ही गोष्ट ऐकून नवे लेखक लगेच रजा टाकून बसतात, त्यांना सांगतो की बाबांनो, त्याच्या आधीचा अभ्यास आणि टिपणं बराच काळ चालली होती ते विसरू नका, आणि मुख्य म्हणजे हा माणूस तीच कादंबरी आधी दोनदा लिहून बसला होता. चार आठवडे म्हणायचे तर म्हणा.

त्यातला एक प्रसंग मी नवीन लेखकांना पुन्हा पुन्हा वाचायला लावतो. हवेलीत मालकाने भरवलेली 1923 ची ती परिषद चालू आहे, वरच्या मजल्यावर निवेदक स्टीव्हन्सचा, म्हणजे बटलरचा, बाप मरतोय, आणि स्टीव्हन्स खाली पाहुण्यांना पेयं देत फिरतोय. स्टीव्हन्स कुठेही म्हणत नाही की मला वाईट वाटलं. मालकच विचारतात, काय रे, रडतोयस की काय असं दिसतंय. तो तोंड पुसतो आणि म्हणतो दिवसभराचा ताण. एवढंच. निवेदकाचं रडणं आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळतं, कारण निवेदक ते सांगणारच नाही. आपल्या हस्तलिखितांमध्ये याच जागी ‘त्याच्या काळजात कालवाकालव झाली’ पासून सुरुवात होऊन दोन पानं जातात.

आणि उलट बाजू पण बघा. त्याचा मूळ बेत होता की स्टीव्हन्स शेवटपर्यंत बंदच राहील. पुस्तक संपलंय असं वाटत असताना त्याने अमेरिकन गायक टॉम वेट्सचं ‘रुबीज आर्म्स’ हे गाणं ऐकलं, खरखरीत आवाजाचा रांगडा माणूस मध्येच कोसळतो असं, आणि ठरवलं की एकदा, फक्त एकदा, दार किंचित उघडायचं. म्हणून त्या बसस्टॉपवर मिस केंटन (हवेलीतली जुनी सहकारी, जिच्यावरचं प्रेम त्याने कधी कबूल केलं नाही) बोलल्यावर स्टीव्हन्स कबूल करतो की त्या क्षणी त्याचं काळीज फाटत होतं. आधीची सगळी पानं आवळून धरली नसती तर या एका वाक्याला किंमत शून्य होती. 1993 चा सिनेमाही चांगला आहे, निर्माते आपले मुंबईचे इस्माईल मर्चंट, अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्पसन, ऑस्करची आठ नामांकनं आणि एकही मिळालं नाही. पण सिनेमात स्टीव्हन्स बाहेरून दिसतो, त्यामुळे त्याची स्वतःशी चाललेली वकिली निघून जाते, आणि माझ्यासाठी तीच तर कादंबरी होती.

मग 1995 ची ‘अनकन्सोल्ड’. तुम्ही सोडलीत त्यात लाज वाटायचं कारण नाही, भल्याभल्यांनी सोडलीये, जेम्स वूडसारख्या मोठ्या समीक्षकाने तर लिहिलं होतं की या पुस्तकाने वाईटपणाचा स्वतःचा नवा प्रकारच शोधून काढलाय. रायडर हा पियानोवादक एका अनोळखी युरोपियन शहरात येतो आणि सगळं स्वप्नातल्या नियमांनी चालतं, एक दार उघडलं की मैलभर लांबची इमारत, अनोळखी बाई बोलता बोलता त्याची बायको असल्यासारखी वागते, पाचशेच्या वर पानं. बुकर मिळाल्यावर लोक अजून एक ‘रिमेन्स’ मागत असताना त्याने हे दिलं याचं मला कौतुक आहे. वाचायला मात्र अजूनही जड जाते, खोटं कशाला बोलू. उरलेला इशिगुरो वाचून झाल्यावर बघा, नाहीतर राहू दे. 2000 ची ‘व्हेन वी वर ऑर्फन्स’, शांघायमध्ये आईबाप शोधणारा डिटेक्टिव्ह, मला दोन पुस्तकं चुकून एकत्र बांधल्यासारखी वाटते, पहिला अर्धा भाग झकास आणि नंतर घसरते.

‘नेव्हर लेट मी गो’ (2005) वर मात्र थांबायला हवं. हिची गोष्ट नव्या लेखकांना धीर देणारी आहे. 1990 च्या सुमारास त्याच्याकडे काही तरुण मुलामुलींची गोष्ट होती, त्यांचं आयुष्य अकाली संपणार एवढं ठरलेलं, पण का संपणार तेच सापडेना. दोनदा सुरू करून दोनदा बाजूला ठेवली. अण्वस्त्रांचा काहीतरी धागा लावून पाहिला, जमेना. तिसऱ्यांदा क्लोनिंगची कल्पना आली आणि सगळं जागेवर बसलं. ही मुलं अवयव देण्यासाठीच तयार केलेली आहेत. विज्ञानकथा म्हणून वाचायला गेलात तर निराश व्हाल, यंत्रं, प्रयोगशाळा काहीच नाही, आहे ती एक निवासी शाळा, तिथली भांडणं, कोण कोणाची खास मैत्रीण, कोणाची पेन्सिलपेटी कुठून आली. निवेदक कॅथी, याच मुलांपैकी एक, आपल्याशी बोलते ती अशी, जणू आपणही तिच्यासारखेच कुठल्यातरी तशाच शाळेतून आलोय, ‘तुमच्याकडे कसं होतं माहीत नाही’ वगैरे. हे लक्षात येतं तेव्हा अंगावर काटा येतो.

सगळे विचारतात, ही मुलं पळून का जात नाहीत? कुंपण नाही, पहारा नाही, गाडी चालवतात. इशिगुरोचं म्हणणं साधारण असं की त्याला बंडाची गोष्ट सांगायचीच नव्हती, माणसं बहुतेक वेळा मिळालेलं आयुष्य स्वीकारतात आणि त्यातच थोडा मान, थोडं प्रेम मिळवायला धडपडतात. स्टीव्हन्स तरी कुठे हवेली सोडून पळाला? कॅथी पण आपलं काम किती नीट केलं हे अभिमानाने सांगते, स्टीव्हन्सची बहीणच जणू. म्हणजे चौथ्यांदा तेच पुस्तक, फक्त या वेळी निवेदक फसवत नाही, तिला सगळं माहितीये, शब्दच असे दिलेत तिला की मरणाला मरण म्हणता येत नाही. 

पुढचं भराभर. ‘नॉक्टर्न्स’ (2009) संगीताभोवतीच्या पाच कथा, हलक्या, एखादी चक्क विनोदी. ‘द बरिड जायंट’ (2015) आर्थर राजानंतरचं ब्रिटन, धुक्यामुळे अख्खा मुलूख मागचं विसरतोय आणि एक म्हातारं जोडपं मुलाला शोधायला निघालंय. प्रश्न जबरदस्त आहे: दोन जमाती शेजारी सुखाने राहतायत त्या फक्त जुनी कत्तल विसरल्या म्हणून, मग आठवण परत आणावी का? आपल्या देशात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिला खर्डा लॉर्नाने वाचून हे चालणार नाही, मुळापासून सुरू कर असं सांगितलं होतं, बुकर मिळालेल्या लेखकाला! आणि त्याने ऐकलं. असा वाचक घरात असेल तर संपादकाची गरज नाही. तरी मला त्यातले संवाद कंटाळवाणे होतात, म्हातारा बायकोला पानापानावर ‘प्रिन्सेस’ म्हणतो ते नको होतं. 2017 ला नोबेल. 2021 ला ‘क्लारा अँड द सन’, आजारी मुलीची सोबत करणारी यंत्रमैत्रीण, जिचा सूर्यावर देवासारखा विश्वास आहे. चांगली आहे, ‘नेव्हर लेट मी गो’ आधी वाचली असेल तर थोडी ओळखीची वाटेल. शिवाय जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘इकिरू’ या सिनेमावरून त्याने ‘लिव्हिंग’ (2022) ची पटकथा लिहिली, तिला ऑस्करचं नामांकन होतं. एक सरकारी बाबू, आयुष्य फायलींमध्ये गेलं, मरण समोर आलंय. ओळखलात ना माणूस? चाळीस वर्षांत कादंबऱ्या फक्त आठ.

आता तुमच्या हस्तलिखिताचं. न वाचता सांगतोय म्हणून जपून, पण ‘काही घडत नाही’ ही तक्रार आली की लेखक घाबरून एक अपघात, एक अफेअर, एक खून घालतात. नका घालू. इशिगुरोमध्ये बाहेर खरंच फार काही घडत नाही, पण दर दहा-बारा पानांनी आपलं निवेदकाबद्दलचं मत थोडं हलतं, आत्ता हा काय टाळून गेला, मघाशी तर वेगळं सांगितलं होतं, असं. तुमच्या निवेदकाला काय लपवायचंय हे तुम्हाला माहितीये का ते आधी तपासा. एका कागदावर लिहून काढा, तो कुठल्या गोष्टीबद्दल बोलणार नाही, आणि ती गोष्ट कोणाच्या तोंडून, कुठल्या पानावर बाहेर येणार. हे लिहिता आलं नाही तर लोक बरोबर सांगतायत. लिहिता आलं तर बहुतेक वेळा प्रसंग वाढवायची गरज पडत नाही, क्रम बदलला आणि निवेदकाने स्वतःच्या भावनांवर केलेली टिप्पणी कापली की काम होतं. आणि हो, प्रथमपुरुषी निवेदन असेल तर तो माणूस कोणाशी बोलतोय तेही ठरवा. कॅथीचं ठरलेलं आहे, स्टीव्हन्सचंही, तो जणू दुसऱ्या बटलरलाच समजावतोय.

वाचायचा क्रम माझ्यापरीने: आता ‘अ‍ॅन आर्टिस्ट’, मग ‘रिमेन्स’ परत एकदा (ओनो डोक्यात ठेवून वाचलीत की स्टीव्हन्स वेगळाच दिसतो), मग ‘नेव्हर लेट मी गो’, आणि त्यानंतर ‘पेल व्ह्यू’. ती चौथ्या नंबरवर मुद्दाम ठेवलीये, कारण पहिल्यांदा वाचली तर धुकं वाटते आणि बाकीच्या वाचून गेलात तर एत्सुको कुठे कुठे चुकवून बोलतेय ते पहिल्या पन्नास पानांतच सापडायला लागतं.